सयाजीची तपासणी

सयाजीला प्रश्न पडायला काहीही निमित्त पुरायचं. रस्त्यावर डांबर पडत असलं तर हा गाडी बाजूला लावून मुकादमाला विचारणार, की खडी किती आणि डांबर किती. लग्नाच्या पंगतीत बसला तर आचाऱ्याला बोलावून घेणार आणि मसालेभातात दगडफूल टाकलंय का ह्याची खात्री करून घेणार. दाताच्या डॉक्टरपुढं तोंड उघडं ठेवून बसलेला असतानाही त्यानं हाताच्या खुणांनी विचारलं होतं, की हे यंत्र कशावर चालतं. बायको मंगल कपाळावर हात मारून घ्यायची. "आवं, जरा गप बसा की! लोक म्हणत्याल ह्यो मानूस सीआयडीत हाय का काय."

पण ह्याच खोडीनं त्याला मान मिळवून दिला होता. उंब्रजपासून आत, नदीकाठी त्याचं गाव. तिथपासून थेट विट्यापर्यंत कुठंही बैलगाड्यांचं मैदान असलं की कमिटीवाले जनावरांच्या डॉक्टरबरोबर सयाजीलाही बोलवायचे. बैलाला कुणी पळायच्या आधी काही टोचलंय का, ह्याची तपासणी असायची. आधी सयाजी सगळ्या जोड्यांवरून नजर फिरवायचा आणि त्याची नजर जिथं अडखळेल त्या बैलाचं रक्त डॉक्टर काढायचे. दोघांचं छान जमायचं.

त्या रविवारी विट्याजवळच्या माळावर मैदान होतं. गुंडा नावाच्या एका मालकाचा खिलार बैल दावणीला उभा होता. पांढराशुभ्र, शिंगं गुलाबी रंगवलेली, बघत राहावं असा. सयाजी बघतच राहिला, पण वेगळ्या कारणानं. ऊन डोक्यावर आलेलं, अशा वेळी डोळ्याची बाहुली बारीक व्हायला हवी. ह्याची मोठीच्या मोठी. तोंड कोरडं, कान ताठ, फऱ्यावरचं कातडं उगाच थरथरतंय. पुढ्यातल्या वैरणीला तोंड लावलेलं नाही, रवंथ बंद. एका जागी म्हणून उभं राहवत नाही.

"कवा टोचलं?" सयाजीनं विचारलं.

गुंडानं आईची, देवाची, सगळ्यांची शपथ घेतली. डॉक्टरांनी रक्त काढलं, जोडी मैदानातून बाहेर गेली. गुंडा शिव्या देत होता आणि सयाजी त्याच्या मागं मागं. "मिळालं कुठं? किती दिलं? कुनी सांगितलं आसं करायला?"

"तुला रं कशाला पायजे त्या चौकशा?"

"न्हाई, म्हाईत आसावं म्हनून," सयाजी म्हणाला. आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी घरी येऊन तो चुलीपुढं बसला. मंगल भाकरी थापत होती. सयाजीनं सगळं पहिल्यापासून रंगवून सांगायला घेतलं. डोळ्याच्या बाहुल्या कशा, तोंड कसं कोरडं पडलेलं, खाण्यावरनं कसं मन उडालेलं, अंगात कसं वारं भरल्यासारखं. नुसतं बघून कसं ओळखलं, हे सांगताना त्यानं मिशीवरनं हातही फिरवला.

मंगलचा हात परातीत थांबला. तिनं वर बघितलं.

"हे तुमी बैलाचं सांगताय व्हय?"

"मग कुनाचं?"

"मला वाटलं, आपल्या जयराजचं."

सयाजी मोठ्यानं हसला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी मंगल हसली नाही, तेव्हा त्याचं हसू हळूहळू विरलं.

जयराज त्यांचा एकुलता एक. गावात घरटी एक तरी माणूस पलटणीत होता, सयाजीच्या घरातून मात्र आज्यानंतर कुणी गेलं नव्हतं. सयाजी स्वतः उंचीत थोडक्यात राहिला होता आणि ते त्याला अजून खुपायचं. पोरगं सहा फूट झालं तेव्हा ह्यानं सोसायटीच्या पारावर पेढे वाटले होते. जयराजचं लष्कर भरतीचं वय यंदा संपत होतं. आता जे मैदान लागेल तेच शेवटचं. म्हणून सयाजीनं त्याला भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत घातलं होतं आणि खुराक लावला होता, दूध, अंडी, बदाम, भिजवलेले हरभरे. बैलाच्या आणि पोराच्या खुराकात फरक एवढाच, की पोराला पेंड नव्हती.

"आगं, भरतीची रग हाय ती," तो म्हणाला.

"रग आसंल. पर खुराक कुठं खातुया? अंडी मांजराला घालतुया. झोपत न्हाई, दात खातुया, मोटरसायकल धुतली की परत धुतुया. परवा मी नुसतं जेव म्हनलं, तर ताट फेकलं. तवा बघितलं मी त्याच्या डोळ्यात." मंगलनं पदरानं नाक पुसलं. "मला काय कळतंय, मी म्हनलं. आता तुमी सांगताय तर कळाय लागलं."

सयाजीनं जेवण पुरं केलं खरं, पण त्याला काय वाढलं होतं हे त्याला दुसऱ्या दिवशी सांगता आलं नसतं.

सकाळी जयराज अंगणात मोटरसायकल धूत होता. कालच धुतलेली. सयाजी पायरीवर बसला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पोराकडं तसं बघितलं. वर्षभर हा पोरगा त्याच्या समोर उठत-बसत होता. चार तालुक्यांतली जनावरं ओळखणाऱ्या माणसानं आपल्या अंगणात एकदाही नजर टाकली नव्हती, कारण अंगणात जे दिसत होतं ते त्याला हवंच होतं. पळणारं पोरगं हवं होतं आणि पोरगं पळत होतं. मग बघायचं कशाला?

"जयराज, जरा हिकडं उनात ये."

तो आला. ऊन थेट तोंडावर आणि बाहुल्या ह्या एवढ्या. ओठ सुकलेले. जबडा आतल्या आत चाललेला. सयाजीच्या तोंडून आपसूक तेच शब्द बाहेर पडले.

"कवा टोचलं?"

जयराज आधी हसला, मग चिडला, मग त्यानं बादली लाथेनं उडवली. शेजारचा नाथाजी कंपाउंडवरून डोकावला, त्याला सयाजीनं हातानंच आत पिटाळलं. अंगणभर पाणी झालं. त्या पाण्यात जयराज उकिडवा बसला आणि त्यानं बाही वर केली.

"अकॅडमीतली समदीच घेत्यात आप्पा. दारू न्हवं ती, गांजा न्हवं. दवाखान्यातलंच औषध हाय. रक्तदाब वाढवायचं."

"आन तुझा रक्तदाब काय कमी झालता का?"

जयराजनं बाही परत खाली ओढली.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टर आर्जव मगदूम होते, सांगलीकडच्या शेतकरी जैन घरातले, वयानं सयाजीपेक्षा बरेच लहान. त्यांनी जयराजच्या छातीची ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखं काहीतरी करून हृदय पडद्यावर बघितलं. सयाजीनंही मान पुढं काढून बघितलं. काळ्या पडद्यावर एक पिशवी उघडझाप करत होती, आणि तो आपल्या पोराचा जीव होता. त्या क्षणी सयाजी फार घाबरला.

"थकलंय हृदय," डॉक्टर म्हणाले. "ठोकेही चुकतायत. वय लहान आहे, औषधं घेतली, सुई बंद राहिली तर सुधारेल. पण वेळ द्यावा लागेल."

जयराजला ठेवून घेतलं. पहिले काही दिवस तो नुसता झोपला. जेवायला उठवावं, दोन घास खाऊन परत झोपावं. सयाजीला वाटलं, झोपेचं औषध दिलंय. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, ही साठलेली झोप आहे. वर्षभराची. सयाजीला ह्याचं इतकं नवल वाटलं, की तो डॉक्टरांच्या खोलीत खुर्ची ओढून बसला तो उठेचना. आणि मग रोजच बसायला लागला. खरं सांगायचं तर पोराच्या खाटेशी बसण्यापेक्षा त्याला ही खुर्ची सोपी वाटत होती.

"हे औषध काढलं कुनी साहेब? कशापायी?"

"काढलं चांगल्यासाठीच. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिली की कुणाचं रक्त एकदम खाली येतं. तेव्हा हे थोडंसं देतात, वर आणायला. माणूस वाचतो त्यानं."

"मग पळनाऱ्याच्या हातात आलं कसं?"

डॉक्टरांनाही बोलायला आवडत होतं. त्यांनी सांगितलं, ही औषधांची एक मोठी भावकी आहे. चीनमध्ये कुठल्याशा झुडपाचा काढा लोक दम्याला घ्यायचे, शेकडो वर्षं. त्या झुडपातलं सत्त्व काढलं गेलं, त्याच्यासारखं दुसरं कारखान्यात बनवलं गेलं. चोंदलेलं नाक मोकळं करायला ते हुंगायला मिळायचं, दुकानात, कुणालाही. मग लोकांच्या लक्षात आलं, की नाक मोकळं होतंच, शिवाय झोप उडते आणि भूकही मरते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना, सैनिकांना गोळ्या वाटल्या, जागं राहायला. युद्ध संपलं, गोळ्या राहिल्या. कुणी बारीक व्हायला घेतल्या, कुणी रात्रभर ट्रक चालवायला, कुणी परीक्षेला. दर वेळी आधी सगळे म्हणाले, औषधच आहे, काय होतंय.

"महायुद्धात? आमचा आज्जा हुता तवा पलटणीत. त्येलाबी दिल्या आसत्याल का?"

"कुणास ठाऊक. तुम्हाला कधी बोलला होता?"

"मी लहान हुतो. बाकी लय प्रश्न इचारलं त्येला, ह्यो तेवढा राहिला." सयाजीला मनापासून हळहळ वाटली. मग त्यानं पुढ्यातला चहाचा कप उचलला आणि मध्येच थांबला. "साहेब, च्याबी त्यातलाच का?"

"लांबचा पाहुणा. गरीब स्वभावाचा."

सयाजीनं चहाकडं एकदा निरखून बघितलं आणि पिऊन टाकला.

"पर सुई घेतल्यावर ताकद येती कुठनं?"

"ताकद येत नाही, सयाजीराव. ताकद आहे तेवढीच राहते. थकवा असतो ना, तो सांगावा घेऊन येतो, आता बस कर म्हणून. हे औषध त्या सांगावा आणणाऱ्याला दाराबाहेर उभं करतं. आत शरीर झिजतच असतं, मालकाला पत्ता नसतो."

ह्यावर उतारा काय, हे त्यानं विचारलंच. दारूवर, अफूवर निदान काही गोळ्या आहेत, ह्याच्यावर तसा नेमका उतारा अजून नाही, असं ऐकून तो हिरमुसला. इथं झोप, जेवण, बोलणं, पोरांची एकत्र बैठक असंच सगळं चाले. आणि लघवीची तपासणी. ती साफ आली की पोराला एक कूपन मिळे. कुपनावर क्रिकेटची बॅट नाही तर बुटाची जोडी अशी काहीतरी वस्तू. "लघवी साफ आली म्हनून बक्षीस?" सयाजीनं डोळे मोठे केले. डॉक्टर म्हणाले, बघितलंय करून, गुण येतो. सयाजी त्या दिवशी मंगलला फोनवर अर्धा तास हेच सांगत होता. मंगलनं शेवटी विचारलं, "आवं, ते आसूं द्या. जयराज काय म्हनतुय?"

जयराज काही म्हणत नव्हता. झोप संपली तशी त्याच्या तोंडावरची कळाच गेली. मंगलनं पाठवलेली पुरणपोळी त्यानं बाजूला सारली, चव लागत नाही म्हणाला. मोबाईल नको, क्रिकेट नको. खिडकीतून रस्त्याकडं बघत बसायचा. डॉक्टर म्हणाले, हेही होतं, आनंदाची विहीर उपसून उपसून कोरडी पडली आहे, पाझर फुटायला दिवस लागतात.

आणि नेमकं तेव्हाच भरतीचं पत्र आलं. मैदानाची तारीख पंधरवड्यावर.

जयराज ताडकन उठून बसला. "आप्पा, मला हितनं सोडवा. एकदाच पळतो. वर्दी अंगावर चढली की परत सुईला हात लावणार न्हाई. मग काय करायचं ते करा माझं."

सयाजीनं त्याला गप्प केलं नाही, कारण त्याच्या स्वतःच्या छातीत तेच चाललं होतं. आज्यानंतरची वर्दी. पारावरचे पेढे. वय संपलं की संपलं. तो डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि खुर्ची न ओढता उभा राहिला.

"एक दिवस नेऊन आनलं तर?"

"सुईशिवाय तो आत्ता निम्म्यात बसेल. सुई घेऊन पळाला तर कुठं पडेल ते मी सांगू शकत नाही. आणि पडला तर उठेल का, तेही नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जबरदस्तीनं मी ठेवणार नाही. तुम्ही दोघं ठरवा. पण एक विचारू? इतके दिवस तुम्ही मला एवढं विचारलंत, की माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी विचारलं नसेल. जयराजला काय विचारलंत?"

"इचारलं की. कुनी दिलं, कवापासनं, किती."

"ते तर पोलीसही विचारतील."

सयाजी निघाला तो रागातच. कालचं पोर आपल्याला शिकवतंय! जिना उतरेपर्यंत राग होता, अंगणात पोचेपर्यंत मात्र त्याला कळलं, की राग यायचं कारण डॉक्टर खरं बोलले हे आहे. जयराज आवारातल्या कडुलिंबाखाली बाकावर बसला होता. सयाजी शेजारी बसला. बराच वेळ त्याला एकही प्रश्न सुचेना. हे असं त्याला जन्मात झालं नव्हतं.

"ते घेतल्यावर कसं वाटायचं रं?"

जयराजनं चमकून बघितलं. ह्यात काही डाव आहे का, हे तो शोधत होता. बापाच्या तोंडावर नुसती उत्सुकता होती, पारावर बसून दुसऱ्या गावची हकिगत ऐकावी तशी.

"लय भारी वाटायचं," तो हळूच म्हणाला. "खोटं कशाला बोलू. तुमाला म्हाईत न्हाई आप्पा, शेवटच्या फेरीला माझ्या पोटात गोळा यायचा. पोरं पुढं निघायची. डोक्यात एकच, की गेलं, आता समदं गेलं, आप्पास्नी तोंड काय दावू. सुई घेतली की डोस्कं गप. पाय आपलं न्हाईतच. दुसराच कोन तरी पळतुया आन मी त्येच्या खांद्यावर बसलुया."

"आन मग?"

"मग सुईबिगर बूट घालायचंबी भ्या वाटाय लागलं." तो पायानं माती उकरत होता. "आप्पा, माझं मला किती पळता येतंय ते मलाच म्हाईत न्हाई. वर्सभर मी पळलोच न्हाई. ते औषध पळालं. भरती झालो आसतो तर कोन झालं आसतं भरती? मी का ते?"

सयाजीला भडभडून आलं. पोराच्या पोटात गोळा यायचा आणि त्या गोळ्यात आपलं तोंड होतं, हे त्याला सहन होईना. त्यानं जयराजच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"तुला बघायचं हाय का? तुझं तुला किती येतंय त्ये?"

जयराजनं उकरलेली माती पायानं सारखी केली. मग त्यानं मान हलवली. "व्हय."

"मग आता नगं. बरा हो. मग बघू."

भरतीच्या दिवशी बापलेक दवाखान्यातच होते. गावातली दुसरी पोरं पहाटे गाड्या भरून गेल्याचं मंगलनं फोनवर सांगितलं आणि ती रडली. सयाजीही रडला, पण न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून. एक आयुष्यभर जपलेली गोष्ट गेली, ह्याचं दुःख त्याला झालं, आणि ते झालं नाही असं त्यानं स्वतःला सांगितलं नाही. जयराज त्या दिवशी दुपारचं सगळं जेवला.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. घरी आल्यावर दर आठवड्याला मिरज. मध्ये एकदा घसरला, सुई घेतली, पण स्वतःच डॉक्टरांना फोन करून सांगितलं, आणि सयाजीनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. जीभ चावून धरली म्हणा. भरतीची अकॅडमी सुटली. ऊसतोड सुरू झाली तेव्हा जयराज फडात उभा राहून ट्रॉल्या भरून घ्यायला लागला, भूक लागली म्हणून आईला हाका मारायला लागला. पडद्यावरच्या पिशवीची उघडझाप आता बरी दिसते, असं डॉक्टर म्हणाले. आधी चालायला सांगितलं, मग जरा भरभर. शेवटी म्हणाले, पळू दे. शर्यत लावू नका, नुसता पळू दे.

थंडीचे दिवस. सकाळच्या कोवळ्या उन्हात शाळेच्या मैदानावर जयराज बूट बांधत होता. सयाजी कडेला उभा. खिशातल्या मोबाईलकडं त्याचा हात सारखा जात होता, वेळ मोजायचा मोह आवरत नव्हता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले. जयराज पळायला लागला. दूध घालून परत चाललेला नाथाजी थांबला.

"टायमिंग किती येतंय रं सयाजी?"

"म्हाईत न्हाई."

नाथाजीनं त्याच्याकडं असं बघितलं, जशी काही नदी उलटी वाहायला लागली होती. सयाजीला म्हाईत नाही, हे त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

पहिल्या फेरीत जयराज डौलात पळाला. दुसऱ्या फेरीत त्याची मान पडली, तिसऱ्या फेरीत तो थांबला, कमरेवर हात ठेवून चार पावलं चालला, परत पळाला. सयाजीची नखं तळहातात रुतली. शेवटची फेरी जयराजनं कशीबशी, पाय ओढत पुरी केली आणि बापाच्या पुढ्यात येऊन तो गवतावर उताणा पडला. तोंड लालबुंद, छाती भात्यासारखी वरखाली. सयाजी गुडघ्यावर बसला, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं मनगट धरलं. ठोके जोरात होते, पण एकामागं एक, नीट येत होते, आणि हळूहळू खाली उतरत होते.

"दमलो, आप्पा," जयराज म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

"काय म्हनलास?"

"दमलो म्हनलं. लय दमलो."

सयाजीला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. त्याला फक्त ते आणखी एकदा ऐकायचं होतं.